महापालिका शाळेचा निकाल वाचताना जनरल रजिस्टर शेजारी हवे

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्याच्या कात्रज परिसरातील एका महापालिका मराठी प्राथमिक शाळेच्या व्यवस्थापन समितीवर आपण पालक सदस्य आहात आणि आपली मुलगी त्याच शाळेत तिसरीत शिकते. मागच्या बैठकीत आपल्यासमोर दोन तक्ते ठेवले गेले. पहिल्या तक्त्यानुसार चौथीच्या वर्गातील निम्म्याहून थोड्याच अधिक मुलांना दुसरीच्या पातळीचा उतारा वाचता येतो. दुसऱ्या तक्त्यात विद्यार्थ्यांची प्रवर्गनिहाय आणि मुलगे-मुली अशी संख्या आहे. त्यावरून आपण तीन गोष्टी विचारल्या आहेत: निकाल कमी लागण्याचे कारण मुलांची घरची परिस्थिती आहे की शाळेचे शिकवणे, जवळच्या दुसऱ्या महापालिका शाळेचा आकडा बराच वर आहे तर ती शाळा खरोखर चांगली मानावी का, आणि मुलीला तिथून काढून खासगी इंग्रजी शाळेत घालावे का.

महापालिकेच्या शाळांमध्ये शिक्षिका आणि पुढे मुख्याध्यापिका म्हणून माझी नोकरी झाली, आणि निवृत्तीनंतर समिती सदस्यांच्या प्रशिक्षणासाठी मी अधूनमधून जाते. असे तक्ते मी भरलेही आहेत आणि वाचलेही आहेत. माझे स्पष्ट मत असे आहे की हे दोन तक्ते जसे आहेत तसे शेजारी ठेवून आपल्या तिन्ही प्रश्नांपैकी एकाचेही उत्तर मिळत नाही, कारण त्यांच्यात सर्वांत उपयोगाचे दोन रकाने नाहीत. मूल या शाळेत कोणत्या तारखेला दाखल झाले हा एक, आणि वर्षभरात ते किती दिवस वर्गात बसले हा दुसरा. दोन्ही माहिती शाळेत आधीपासून आहे. पहिली जनरल रजिस्टरमध्ये, म्हणजे शाळेत दाखल होणाऱ्या प्रत्येक मुलाची नोंद होते त्या वहीत, आणि दुसरी हजेरीपत्रकात. ती फक्त निकालाच्या कागदावर कधी उतरत नाही.

दाखल तारखेला मी एवढे महत्त्व का देते, याचे मूळ कायद्यात आहे. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम ४ प्रमाणे सहा वर्षांवरील ज्या मुलाने कधी शाळा पाहिली नाही, त्याला वयानुरूप वर्गात प्रवेश द्यावा लागतो, म्हणजे नऊ वर्षांचे मूल थेट चौथीत बसते आणि मागचे भरून काढण्यासाठी त्याला विशेष प्रशिक्षण मिळणे अपेक्षित असते. कलम ५ प्रमाणे दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही, कलम १४ प्रमाणे जन्माचा पुरावा नाही म्हणून अडवता येत नाही, आणि कलम १५ प्रमाणे वर्ष सुरू होऊन महिने लोटले तरी दार बंद करता येत नाही. खासगी शाळेचे प्रवेश एकदा संपले की संपले. महापालिका शाळेचे प्रवेश प्रत्यक्षात वर्षभर चालू असतात, आणि ते तसेच असले पाहिजेत. पण याचा अर्थ असा की मार्चमध्ये चाचणीला बसलेली चौथी ही जूनमध्ये सुरू झालेली चौथी नसते, आणि पहिलीपासून एकत्र वाढलेली चौथी तर मुळीच नसते.

पुण्यात ही ये-जा मोठी आहे आणि तिला ठरावीक हंगाम आहे. बीड, लातूर, नांदेड, धाराशिव, सोलापूर या जिल्ह्यांतून, तसेच कर्नाटकातील कलबुर्गी-यादगीरकडून, आणि अलीकडे उत्तर प्रदेश-बिहारमधून कुटुंबे कामासाठी येतात. काही बांधकामाच्या साइटवर, काही वीटभट्ट्यांवर, काही घरकाम आणि सुरक्षारक्षकाच्या कामावर. खरीप आटोपून दिवाळी झाली की गावे रिकामी होऊ लागतात आणि शहराच्या कडेला पत्र्याच्या खोल्या भरू लागतात. होळी-पाडव्यानंतर उलटा प्रवास सुरू होतो. एका साइटचा स्लॅब संपला की तोच मुकादम त्याच कुटुंबांना कात्रजहून वाघोलीला किंवा बाणेरला हलवतो, आणि मुलाची तिसरी शाळा सुरू होते. शहराच्या हद्दीत २०१७ साली ११ आणि २०२१ साली २३ गावे आली, त्यांच्याबरोबर जिल्हा परिषदेच्या शाळाही महापालिकेकडे आल्या. नेमक्या याच पट्ट्यात बांधकामे सर्वाधिक आहेत, म्हणून कडेच्या शाळा आणि मध्यवस्तीतील पेठांच्या शाळा यांचे निकाल एका यादीत वर-खाली लावून काहीच हाती लागत नाही.

यात प्रशासनाचा एक विचित्र पेच आहे. संचमान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षक मंजूर होणार याचा हिशेब, साधारणतः ३० सप्टेंबरच्या पटावर होतो. दिवाळीनंतर आलेली मुले वर्गात बसतात, खिचडी खातात, चाचणीलाही बसतात, पण त्या वर्षीच्या शिक्षकसंख्येत त्यांची गणती नसते. त्यातच आधार क्रमांक वैध नसलेल्या मुलांच्या गणतीची अडचण आहे, आणि ती अडचण सर्वाधिक याच कुटुंबांची असते. कायद्याने पहिली ते पाचवीसाठी ६० मुलांपर्यंत दोन, ६१ ते ९० मुलांना तीन, ९१ ते १२० मुलांना चार शिक्षक असे प्रमाण ठरवलेले आहे. सप्टेंबरमध्ये पट ८८ असेल आणि जानेवारीत तो १०४ झाला, तर एक शिक्षक कमीच राहतो. समितीने ही नोंद महिन्यागणिक ठेवली तर वरिष्ठांपुढे बोलायला कागद असतो.

आता आपला दुसरा प्रश्न आधी घेते, म्हणजे शेजारच्या शाळेचा आकडा. समजून घेण्यासाठी मी दोन काल्पनिक वर्ग मांडते. आकडे माझ्या मनाचे आहेत, परंतु चित्र ओळखीचे वाटेल. पहिल्या शाळेच्या चौथीत ३२ मुले आहेत. त्यांतील १८ पहिलीपासून तिथेच आहेत आणि त्यांपैकी १४ जणांना उतारा वाचता येतो. उरलेली १४ मुले दुसरीनंतर कधीतरी आलेली आहेत आणि त्यांपैकी ४ जणांना वाचता येतो. एकूण १८, म्हणजे ५६ टक्के. दुसऱ्या शाळेत ३० मुले आहेत. २७ पहिलीपासूनची, त्यांपैकी २० वाचणारी, आणि ३ नवी, त्यांपैकी एकही वाचत नाही. एकूण २०, म्हणजे ६७ टक्के. सूचना फलकावर दुसरी शाळा अकरा टक्क्यांनी पुढे दिसते. पण पहिलीपासूनच्या मुलांत पहिल्या शाळेची ७८ टक्के मुले वाचतात आणि दुसऱ्या शाळेची ७४ टक्के. उशिरा आलेल्यांतही पहिल्या शाळेने चौघांना वाचते केले आहे आणि दुसरीने कुणालाच नाही. दोन्ही गटांत उजवी असलेली शाळा एकूण बेरजेत डावी ठरली, केवळ तिच्याकडे नवी मुले अधिक आली म्हणून.

असे वर्ग विभागून पाहणे हे मुख्याध्यापकांचे अर्ध्या दिवसाचे काम आहे. मात्र दोन सावधगिऱ्या घ्याव्यात. तीन मुलांच्या गटावरून शाळेबद्दल काहीही ठरवू नये. ३२ च्या वर्गात एक मूल म्हणजे तीन टक्के, त्यामुळे गेल्या वर्षीच्या तुलनेत चार-पाच टक्क्यांची चढ-उतार ही बहुतेक वेळा एखाद-दुसऱ्या मुलाच्या तापाची किंवा लग्नसराईत गावी जाण्याची गोष्ट असते. आणि दुसरे असे की या विभागणीचा उपयोग ‘नवी मुले वगळली तर आमचा निकाल ७८ टक्के’ असे सांगण्यासाठी होऊ देऊ नये. ती मुले त्याच शाळेची आहेत. प्रश्न असा विचारायचा की जो मुलगा नोव्हेंबरमध्ये अक्षरांवर अडत होता, तो मार्चमध्ये कुठे आहे. त्याचे उत्तर मुख्याध्यापकांना नावानिशी देता आले, तर शाळेला आपले काम ठाऊक आहे.

हजेरीचेही असेच आहे. वर्गाची सरासरी हजेरी ८२ टक्के आहे या वाक्यातून काहीच कळत नाही. तीसपैकी पंचवीस मुले जवळजवळ रोज येत असतील आणि पाच मुले आठवड्यातून दोनदा, तरीही सरासरी तेवढीच येते. शिक्षक अशा मुलांच्या नावापुढे ‘सतत गैरहजर’ असा शेरा लिहितात आणि तो शेरा तिथेच राहतो. पाच जणांची कारणे वेगवेगळी असतात: एक धाकट्या भावंडाला सांभाळते, एकाची आई सकाळी सातला कामाला जाते आणि त्याला उठवणारे कुणी नसते, एकाला मुख्य रस्ता एकट्याने ओलांडायची भीती वाटते. मुले नेण्या-आणण्याची सोय, अंगणवाडीची वेळ, रस्त्यावर सकाळी अर्धा तास उभा राहणारा पालक असे यांवरचे उपाय शिक्षकाच्या नव्हे तर समितीच्या हातातले आहेत. म्हणून निकालाच्या यादीत प्रत्येक नावासमोर उपस्थितीचे दिवस लिहून मागावेत आणि शेवटची दहा नावे बैठकीत एकेक करून घ्यावीत.

दुसऱ्या तक्त्याबद्दल, म्हणजे प्रवर्गनिहाय संख्येबद्दल, मला थोडे सविस्तर लिहायचे आहे. अनुसूचित जाती, जमाती, विमुक्त-भटक्या, इतर मागास, अल्पसंख्याक हे रकाने हक्कांसाठी ठेवलेले आहेत. शिष्यवृत्त्या, उपस्थिती भत्ता यांचा हिशेब त्यावर चालतो. पहिली ते चौथीतील दुर्बल घटकांतल्या मुलींना हजर राहिल्याबद्दल दिवसाला १ रुपया देण्याची महाराष्ट्राची योजना अनेकांना माहीत असेल. रुपयाची किंमत कुठल्या कुठे गेली, भत्ता मात्र रुपयाच राहिला, ही एक खंत जाता जाता नोंदवते. पण शिकण्याचे निदान म्हणून प्रवर्गाचा रकाना फार ढोबळ आहे. एकाच प्रवर्गात महापालिकेत कायम नोकरी असलेल्या कर्मचाऱ्याची मुलगी असते आणि पत्र्याच्या खोलीत कालच आलेला मुलगाही असतो. प्रवर्गनिहाय निकाल बैठकीत वाचून दाखवणे किंवा भिंतीवर लावणे मी कटाक्षाने टाळावे म्हणेन, कारण त्याने मुलांवर शिक्का बसतो आणि शिकवणे एक इंचही पुढे सरकत नाही. जात पाहायची ती वेगळ्या ठिकाणी: शेवटच्या बाकावर सातत्याने कोण बसते, वर्ग झाडायला कुणाला सांगितले जाते, स्नेहसंमेलनात सूत्रसंचालन कुणाकडे जाते. त्यासाठी तक्ता लागत नाही, वर्गात अर्धा तास बसावे लागते.

घरच्या परिस्थितीतील ज्या दोन गोष्टी शिकण्याशी खरोखर जवळून जोडलेल्या आहेत, त्या म्हणजे आईचे शिक्षण आणि घरची भाषा. आईच्या शिक्षणाचा संबंध एवढा सुस्पष्ट आहे की ‘असर’ या मुलांच्या शिकण्याच्या घरोघरच्या पाहणीत त्याची नोंद वेगळी घेतली जाते. समितीने ही माहिती गोळा करताना ‘आपण किती शिकलात’ असे सर्वांसमोर विचारू नये. ‘मुलाचा गृहपाठ घरी कोण पाहते’ एवढे शिक्षिकेने एकट्याने विचारले तरी पुरते.

भाषेचे उदाहरण मात्र जवळून दाखवते. एका शाळेत मी तिसरीच्या मुलांचे एकेकाचे वाचन घेत होते. सेंटरिंगच्या कामावर असलेल्या यादगीरकडच्या कुटुंबातील एक मुलगी समोर बसली. शेतकऱ्याने दुपारी बैलांना ओढ्यावर नेऊन पाणी पाजले, अशा अर्थाच्या चार-पाच ओळी तिने बोट न ठेवता, एकदाही न अडखळता वाचल्या. ‘ओढ्यावर’मधले जोडाक्षरही सुटले नाही. मी विचारले, पाणी कुणी प्यायले? ती माझ्याकडे पाहत राहिली. प्रश्न पुन्हा विचारला, तर तिने ती ओळच पुन्हा वाचून दाखवली. शेजारच्या मैत्रिणीला मी खुणावले. तिने कन्नडमध्ये उतारा दोन वाक्यांत सांगून तोच प्रश्न विचारला आणि उत्तर तत्काळ आले, वर ओढ्याला पाणी कधी असते याची माहितीही आली. त्याच दिवशी मराठवाड्यातून आलेला एक मुलगा काना-मात्रेवर अडत होता. पण चित्र दाखवल्यावर त्याने बैलपोळ्याची एवढी रंगतदार हकिकत सांगितली की वर्ग थांबून ऐकू लागला. चाचणीच्या तक्त्यात पहिली ‘उतारा वाचते’ या रकान्यात गेली आणि दुसरा ‘अक्षर पातळी’त. खरे म्हणजे मुलीला मराठी ऐकण्या-बोलण्याची गरज होती आणि मुलाला महिनाभर रोज लिपीच्या सरावाची. केवळ वेगाने किंवा केवळ उच्चाराने वाचन मोजले की असे होते. निपुण भारत या केंद्र सरकारच्या पायाभूत वाचन-गणिताच्या कार्यक्रमाच्या उद्दिष्टांत दुसरीअखेर मिनिटाला ४५ ते ६० शब्द आणि तिसरीअखेर किमान ६० शब्द अर्थ समजून वाचावेत असे म्हटले आहे. शब्द मोजले जातात, अर्थाचे पुष्कळदा राहून जाते.

गणितातही हीच तऱ्हा असते. एकोणपन्नास म्हटल्यावर ५९ लिहिणारे मूल मठ्ठ नसते. आपली संख्यानावे उलट्या क्रमाने चालतात आणि ‘एकोण’ची गंमत घरात मराठी नसलेल्या मुलाला कुणी सांगितलेली नसते. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीसला ‘वीस एक’ म्हणण्याची वाचनपद्धती आली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. टीकाकारांपैकी किती जणांनी दुसरीच्या वर्गात संख्यालेखन घेऊन पाहिले होते, हा प्रश्न मला आजही पडतो. दुसरीकडे, मंडईत आईच्या पाटीशेजारी बसून सुट्टे पैसे बिनचूक परत देणारा मुलगा हातच्याच्या उभ्या वजाबाकीत हमखास चुकतो. दिल्ली आणि कोलकात्याच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांवरचा एक मोठा अभ्यास २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यात हेच दिसले: बाजारातला हिशेब वहीत उतरत नाही आणि शाळेतली वजाबाकी बाजारात उपयोगी पडत नाही. घरच्या परिस्थितीत मुलाची केवळ उणीवच असते असे धरून चालणारा शिक्षक या मुलाच्या हातातले अर्धे गणित वाया घालवतो.

पटाच्या रचनेत आणखी एक गोष्ट पाहावी. आपल्या शाळेत मुलींची संख्या मुलांपेक्षा जास्त आहे असे आपण लिहिले आहे आणि त्याबद्दल समाधानही व्यक्त केले आहे. मला त्यात आनंदाइतकीच शंका दिसते. अनेक घरांत मुलगा फी भरून इंग्रजी शाळेत जातो आणि त्याची बहीण महापालिकेच्या शाळेत. पालकभेटीत भावंडे कुठे शिकतात एवढे विचारा, म्हणजे कळेल. खासगी शाळांत गरीब व वंचित मुलांसाठी राखलेल्या आणि सोडतीने भरल्या जाणाऱ्या २५ टक्के जागांचाही परिणाम होतो. त्या सोडतीसाठी उत्पन्नाचा किंवा जातीचा दाखला, रहिवासाचा पुरावा आणि ऑनलाइन अर्ज लागतो. ज्या गरीब कुटुंबांना हे जमते ती काही प्रमाणात तिकडे वळतात, आणि ज्यांच्याकडे कागदच नाहीत ती महापालिका शाळेत राहतात. ती सोडत असावी, याबद्दल माझे दुमत नाही. पण दहा वर्षांपूर्वीचा आपल्या शाळेचा निकाल आणि आजचा निकाल यांची तुलना करताना वर्गात बसणारी मुले बदलली आहेत हे ध्यानात ठेवावे लागते.

आपण बैठकीत कुणीतरी ‘असर’चे आकडे सांगितल्याचा उल्लेख केला आहे. ‘असर’ ही ग्रामीण भागाची पाहणी आहे. पुणे शहरातील मूल तिच्या नमुन्यात नसते. तिचा उपयोग दिशा कळण्यापुरता होतो: देशभरातील ग्रामीण सरकारी शाळांत तिसरीच्या ज्या मुलांना दुसरीचा मजकूर वाचता येत होता, त्यांचे प्रमाण २०२२ मध्ये १६.३ टक्के होते आणि २०२४ मध्ये २३.४ टक्के झाले. यावरून एवढेच कळते की दुसरीचा मजकूर चौथीतही न येणे हा आपल्या एका शाळेचा आजार नाही. २०२१ चे राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण आणि २०२४ चे परख सर्वेक्षण हेही नमुना सर्वेक्षण आहेत. ती जिल्ह्याबद्दल बोलतात, एका शाळेबद्दल नाही.

शाळेच्या स्वतःच्या चाचण्यांवर किती विश्वास ठेवावा? ज्याने शिकवले त्यानेच घ्यायची, त्यानेच तपासायची आणि त्यावरूनच त्याला जाब विचारला जाणार असेल, तर गुण थोडे फुगणे हा मनुष्यस्वभाव आहे. जून २०१५ मध्ये राज्य सरकारचा प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र कार्यक्रम आला, त्याचा हेतू उत्तम होता आणि अनेक शिक्षकांनी त्यात मनापासून काम केले. पण ‘शंभर टक्के प्रगत’ होण्याची चढाओढ लागली तशी काही ठिकाणी मुलांआधी तक्ते प्रगत झाले. पटाचा आकडाही निर्मळ नव्हता, म्हणून तर ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर एकाच वेळी पटपडताळणी करावी लागली. आपल्या शाळेने निम्म्याहून थोडीच अधिक मुले वाचतात असे स्वतःहून लिहून दिले आहे, हे मला तिच्या बाजूने बोलणारे लक्षण वाटते. तरी पडताळा घ्यायचा असेल तर मुख्याध्यापकांच्या संमतीने, एका वेळी एका मुलाला, शिक्षिका शेजारी असताना, न पाहिलेला दुसरीच्या पातळीचा उतारा द्यावा आणि वाचून झाल्यावर दोन साधे प्रश्न विचारावेत. सर्वांसमोर उभे करून वाचायला लावू नये.

आता मुख्य प्रश्न: परिस्थिती की शाळा? मूल पहिल्या दिवशी कुठून सुरुवात करते हे मुख्यतः घर ठरवते. त्या जागेवरून ते वर्षभरात किती पुढे जाते, यात शाळेचा वाटा मोठा असतो. म्हणून मी शाळेची पारख मार्चच्या आकड्यावरून करत नाही. वर्षाच्या आरंभीची पायाभूत चाचणी आणि अखेरची संकलित चाचणी यांत त्याच मुलाने किती अंतर कापले, यावरून करते. ‘आमच्याकडे मुलेच तशी येतात’ हे वाक्य मी कर्मचारी खोल्यांमध्ये पुष्कळ ऐकले आहे, आणि ते ज्या शाळेत सर्वांत मोठ्याने बोलले जाते तिथे शिकवणे हमखास ढिले असते. मुंबई आणि वडोदऱ्याच्या महापालिका शाळांत ‘प्रथम’ या संस्थेने बालसखी कार्यक्रम चालवला होता. वस्तीतल्याच तरुण मुली मागे पडलेल्या मुलांना रोज वेगळे बसवून त्यांच्या पातळीपासून शिकवत. त्याचे मूल्यमापन २००७ मध्ये प्रसिद्ध झाले आणि सर्वांत मागे असलेल्या मुलांना सर्वाधिक फायदा झाल्याचे त्यात दिसले. घरे तीच होती, पालक तेच होते. लोकांतलाच शिक्षक असावा ही कल्पना जुनी आहे. १८८२ मध्ये शिक्षणाची पाहणी करणाऱ्या हंटर आयोगापुढे निवेदन देताना जोतीराव फुल्यांनी बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मागणी केली, आणि शिक्षक शेतकरी वर्गातून यावेत, म्हणजे ते लोकांत मोकळेपणाने मिसळतील, असेही सुचवले होते. पुण्याच्या शाळांत आज बंजारा, वडारी, कन्नड बोलणारी मुले आहेत, आणि त्यांच्या भाषेतले चार शब्द जाणणारा शिक्षक शोधावा लागतो.

समितीने हाती घ्यावे असे एकच काम सांगायचे तर तिसरी आणि चौथीची मुले दिवसातून एक तास इयत्तेप्रमाणे न बसवता वाचनाच्या पातळीप्रमाणे बसवावीत, हे मुख्याध्यापकांशी ठरवून घ्या. अक्षरांवर अडलेल्यांचा गट सर्वांत अनुभवी शिक्षिकेकडे द्या, नव्या उमेदवाराकडे ढकलू नका. घरची भाषा वेगळी असलेल्या मुलांना त्या तासात आधी गोष्ट ऐकू-बोलू द्या. कायद्याप्रमाणे समितीत किमान तीनचतुर्थांश सदस्य पालक असतात आणि शाळा विकास आराखडा समितीच करते, तेव्हा हे त्या आराखड्यात लिहून घेता येईल. दर सहा आठवड्यांनी गट बदलले गेले का, एवढे विचारत राहा.

मुलीला इंग्रजी शाळेत घालण्याबाबत. आंध्र प्रदेशातील गावांत काही वर्षांपूर्वी एक प्रयोग झाला: सरकारी शाळांतील ज्या मुलांच्या पालकांनी अर्ज केले, त्यांपैकी काहींना सोडतीने खासगी शाळेची फी देण्यात आली. कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन यांनी त्याचे निष्कर्ष २०१५ मध्ये मांडले. चार वर्षांनंतर तेलुगू आणि गणितात खासगी शाळेत गेलेली आणि न गेलेली मुले सारखीच निघाली. खासगी शाळांनी हेच काम बऱ्याच कमी खर्चात केले आणि हिंदीसारखा जादा विषय अधिक चांगला शिकवला, ही त्यांची जमेची बाजू. सोडतीमुळे दोन्हीकडची घरे सारखी होती, म्हणून ही तुलना विश्वासार्ह आहे. एखाद्या खासगी शाळेचा ९० टक्के निकाल आणि महापालिका शाळेचा ५६ टक्के निकाल यांची तुलना तशी नाही.

आपली मुलगी पहिलीपासून याच शाळेत आहे, रोज जाते आणि आपण स्वतः समितीवर आहात. तेव्हा शाळेच्या एकूण आकड्याऐवजी वरच्या हिशेबातील पहिलीपासूनच्या गटाचा आकडा तिला अधिक लागू पडतो. तो काढून घ्या. तो सत्तरच्या वर असेल आणि ती स्वतः न पाहिलेला उतारा वाचून त्याबद्दल बोलू शकत असेल, तर केवळ निकालाच्या धास्तीने तिला हलवण्याचे कारण मला दिसत नाही. तो पन्नासच्या आत असेल, म्हणजे चार वर्षे तिथेच बसूनही अर्धी मुले वाचत नसतील, तर दोष स्थलांतराचा नाही, शिकवण्याचा आहे. मग आधी मुख्याध्यापकांकडे आणि तिथे दाद लागली नाही तर पर्यवेक्षकांकडे लेखी जावे लागेल. अशा वेळी पुढच्या जूनसाठी दुसरी मराठी शाळा पाहून ठेवणेही गैर नाही. इंग्रजी माध्यमाचा निर्णय मात्र याच्याशी जोडू नका. घरात इंग्रजी बोलणारे कुणी नसताना तिसरीत माध्यम बदलले, तर यादगीरच्या त्या मुलीची जी अवस्था मराठी उताऱ्यापुढे झाली, तीच आपल्या मुलीची इंग्रजीपुढे होण्याचा संभव आहे. पुढच्या बैठकीआधी जनरल रजिस्टरमधील दाखल तारखा, हजेरीपत्रकातील दिवस आणि दोन्ही चाचण्यांची पातळी एकाच कागदावर नावनिहाय मागून घ्या. तो कागद हाती आला की त्यातील नावे झाकून मला पाठवलात तरी चालेल, मी पाहून कळवीन.